परसदारीं : हृदयाच्या आकाराचें पान

घाटकोपरहून आमच्या एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत वहीच्या कागदांत दाबलेलें एक पान आमच्याकडे पाठविलें व सोबत चार ओळी लिहिल्या : "आमच्या इमारतीच्या मागल्या भिंतीवर ही वेल आपोआप आली आहे. शेजारणी म्हणतात, ही गुळवेल. सासूबाईंचा ताप वरचेवर उलटतो. तेव्हां हिचा काढा करून द्यावा कीं काय?" पान हृदयाच्या आकाराचें होतें, हें खरें, परंतु त्याच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वळलेल्या होत्या, शिरा खोल रुतलेल्या होत्या आणि सारा पृष्ठभाग सुरकुतलेला होता. ती गुळवेल नव्हे. ती मेक्सिको देशाची, बागेच्या हौसेनें इकडे आणलेली, गुलाबी तुऱ्यांची वेल. कोणी तिला आईस्क्रीमची वेल म्हणतात. शास्त्रज्ञ अँटिगोनॉन लेप्टोपस म्हणतात. काढा मुळींच करूं नये व तापासाठीं डॉक्टरांस दाखवावें, असें आम्हीं त्या भगिनीस उलट टपालीं कळविलें. परंतु त्या एका पानानें आमचा पिच्छा सोडला नाहीं, म्हणून या महिन्याचें हें पान त्याच विषयास दिलें आहे.

आमची धास्ती कोणास फाजील वाटूं नये. २०२० सालीं करोनाच्या साथींत घरोघर गुळवेलीचे काढे उकळूं लागले. त्या वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईंतील डॉक्टरांस यकृतास इजा पोहोंचलेले सहा रुग्ण आढळले व ते सर्व गुळवेल घेत होते, असें त्यांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलें. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला, कीं रुग्णांनीं घेतलेली वनस्पति खरोखर गुळवेलच होती याची शहानिशा झालेली नाहीं; तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एखादी जात असूं शकेल. पुढें २०२२ मध्यें देशांतील अनेक रुग्णालयांनीं मिळून केलेल्या पाहणींत असे ४३ रुग्ण निघाले. तेव्हां खरी गुळवेलहि सर्वांस निर्धोक आहे, असें कोणीं समजूं नये. औषधाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि या वादांतून एवढें ध्यानीं येतें, कीं पेल्यांत काय आहे हा प्रश्न शेवटीं, कुंपणावर कोणती वेल आहे, या प्रश्नापाशीं येऊन थांबतो. आणि त्याचें उत्तर देण्याची संवय आपल्या घरांतून गेली आहे.

आमच्या आजीच्या पिढीस वनस्पतिशास्त्राची परीक्षा दरवर्षीं भाद्रपदांत द्यावी लागे. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्यें माका कोणता, डोरली कोणती, आघाडा कोणता, हें मुलांस परसांत नेऊन दाखविलें जाई. चुकीचें पान आणलें तर मुलास त्याच पावलीं परत पाठविलें जाई. आतां पत्रीची जुडी बाजारांतून येते आणि ती सोडून पाहण्याचेहि श्रम आपण घेत नाहीं. मालतीचें पान म्हणून कित्येक घरीं फाटकावरच्या लाल-पांढऱ्या फुलांच्या मधुमालतीचें पान वाहतात. त्या मधुमालतीचें इंग्रजी नांव रंगून शहरावरून पडलेलें आहे, एवढेंच सांगून आम्ही पुढें जातों. देव भावाचा भुकेला आहे.

गुळवेल ओळखावयाची, तर पानावर भिस्त ठेवूं नये. हृदयाच्या आकाराचीं पानें अनेक वेलींस असतात. खोडाकडे पाहावें. जुन्या गुळवेलीचें खोड बोटाएवढें किंवा त्याहूनहि जाड असून त्यावर कागदासारखी पातळ साल सुटलेली असते. ती नखानें सरकविली म्हणजे आंत हिरवेंगार दिसतें. सालीवर बारीक फोडांसारखे उंचवटे असतात. खोड आडवें कापलें, तर कापावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. आणि सर्वांत ठळक खूण म्हणजे उंचावरच्या फांद्यांपासून जमिनीकडे सुतळीसारखीं लोंबणारीं मुळें. वेल तळाशीं तोडली, तरी हीं मुळें खालीं उतरून भुईला टेंकतात आणि वेल पुन्हां जगते. अमृता हें तिचें संस्कृत नांव यावरूनच पडलें असावें, असें आम्हांस वाटतें. उन्हाळ्यांत तिचीं पानें गळतात, आणि मादी वेलीवर थंडींत वाटाण्याएवढीं लाल फळें घोंसानें येतात.

आईस्क्रीमच्या वेलीस यांतलें कांहींएक नाहीं. तिच्या फुलांच्या तुऱ्याचें टोंक काकडीच्या वेलीला असतो तशा सुतासारख्या वळसेदार ताण्यांत संपतें, व त्या ताण्यांनीं ती तार, कुंपण, फांदी, जें हातीं येईल तें धरते. खोड बारीक, सालीला पापुद्रा नाहीं, लोंबतीं मुळें नाहींत. तिचें मर्म आहे तें जमिनींत : मुळांशीं रताळ्यासारखे कंद असतात. वरून कितीहि छाटा. महिन्याभरांत ती खालून नवे धुमारे घेऊन उभी राहते.

हृदयाकार पानाची तिसरी उमेदवार आपल्या दिवाणखान्यांतच बाटलींत ठेविलेली असते. मनी प्लँट घरांत असेपर्यंत तिचें पान तळहाताएवढें राहतें. तीच वेल बाहेर झाडावर चढली, म्हणजे पान सुपाएवढें होतें आणि त्यास केळीच्या फाटक्या पानासारख्या चिरा पडतात. एकच वेल दोन्ही रूपांत पाहिली, तर त्या दोन वेगळ्या वेली आहेत असेंच कोणीहि शपथेवर सांगेल. खूण अशी, कीं तिच्या प्रत्येक पेऱ्यापासून जाड मुळें फुटून तीं बुंध्याच्या सालीस चिकटतात, आणि हिरव्या पानावर पिवळे फराटे असतात. तिचा रस तोंडास व कातडीस खाजतो. चौथी वेल मिकानिया. केरळांतल्या मळ्यांत आणि आसामच्या चहाच्या बागांत तिनें मोठा उच्छाद मांडला आहे. तिचीं पानें देठागणिक एकएक न येतां जोडीनें समोरासमोर येतात. गुळवेलीचीं तशीं कधींच येत नाहींत. ही एक खूण लहान मुलासहि दाखवितां येईल.

येथें आमच्या एखाद्या वाचकाच्या मनांत येईल, कीं परदेशांतून आलेलें तेवढें सारें वाईट, असें आमचें म्हणणें आहे काय ? मुळींच नाहीं. एकादशीच्या ताटाकडे पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हीं सर्व अमेरिकेंतून समुद्र ओलांडून आलीं, आणि आज तीं सोंवळ्यांतल्या स्वयंपाकांत मानानें बसलीं आहेत. परकेपण हा गुन्हा नव्हे. वेल दुसऱ्याच्या डोक्यावर चढून त्याचें ऊन बंद करते कीं काय, आणि तिला आवरणारें कोणी येथें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. आपल्या रानांतल्या वेलीहि झाडांवर चढतात, कांहीं तर झाडास भारीहि होतात. परंतु त्यांचीं पानें खाणारे किडे व सुरवंट येथेंच त्यांच्याबरोबर हजारों वर्षें राहिलेले आहेत. पाहुणीचे शत्रू मात्र पुष्कळदां तिच्या मायदेशींच राहिलेले असतात. ऐन पावसाळ्याच्या शेवटीं ज्या वेलीच्या पानांवर एकहि भोंक नाहीं, तिच्याकडे आम्ही जरा संशयानेंच पाहतों. ही खूण पक्की नव्हे. पण उपयोगी पडते.

रताळ्याचें नांव निघालेंच आहे, तर त्याच्या एका बहिणीची गोष्ट सांगतों. मध्य रेल्वेच्या गाडींत खिडकीशीं जागा मिळण्याचें भाग्य लाभलें, तर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रुळांच्या कडेच्या कुंपणांकडे नजर ठेवावी. कर्ण्याच्या आकाराचीं फिकट जांभळीं फुलें, आंत गडद घसा, आणि पान हाताच्या पांच बोटांप्रमाणें पांच भागांत कापलेलें, अशी वेल दिसली म्हणजे ती रेल्वे क्रीपर. लोहमार्गाच्या कडेनें ती इतकी पसरली, कीं तिला नांवच तें पडलें. शास्त्रीय नांवांतला कैरिका हा शब्द मात्र मिसरमधील कैरो शहरावरून आलेला आहे. रताळें आणि ती, या दोघींस शास्त्रज्ञ आयपोमिया या एकाच घराण्यांत घालतात, आणि रताळ्याचें फूल ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें नातें सांगणें नलगे. तिच्या खोडाचा प्रत्येक सांधा जमिनीस लागला कीं मूळ धरतो. तेव्हां ती कापून तुकडे कुंपणापलीकडे फेंकणें म्हणजे लावणी करण्यासारखेंच आहे.

त्याच घराण्यांतली गणेशवेल. पान शेपूच्या भाजीसारखें बारीक चिरलेलें, फूल लालभडक पांच टोंकांच्या चांदणीसारखें. गणपतीच्या सुमारास बहरते, आणि नांव ऐकून ती पुराणकाळापासून आपलीच असावी असें वाटतें. मूळची ती उष्ण अमेरिकेंतली. तिची बहीण लाल पुंगळी. हिचें पान चिरलेलें नसून हृदयाकार किंवा तीन टोंकांचें असतें व फूल नारिंगी-लाल नळीसारखें. पावसाळा सरतांना ही झुडुपांवर अशी पसरते, कीं खालचें झुडूप कोणतें तें कळूं नये. दोघीहि वर्षायु आहेत; बीं पिकण्यापूर्वीं उपटल्या म्हणजे झालें. नांव देशी असलें म्हणजे वेल देशी, हा समज या दोघींपुरता तरी सोडून द्यावा.

कृष्णकमळाच्या एका धाकट्या बहिणीचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. कोणी तिला वेलघाणी म्हणतात, आणि पान चुरगळलें म्हणजे त्या नांवाची साक्ष पटते. ती दक्षिण अमेरिकेची. पान तीन टोंकांचें व लवदार. फूल कृष्णकमळाच्याच घडणीचें पण लहान आणि फिकें. आणि फळाभोंवतीं चिकट हिरव्या धाग्यांची जाळी, जिच्यांत बारीक किडे अडकून मरतात. पिकलेलें पिवळें फळ पक्षी खातात व बीं दूरवर नेतात. मुलांस कच्चें फळ खाऊं देऊं नये. तें विषारी असतें.

आतां आमचीच एक फजिती सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. मुलुंडला डोंगराच्या बाजूस आमची वसाहत आहे. मागल्या कुंपणाशीं एक जुना करंज होता, व त्यावर तीन वेली नांदत होत्या : एक गुळवेल, एक वाघाटी आणि एक ही गुलाबी आईस्क्रीमची वेल. एका पावसाळ्यांत करंजाची एक फांदी मोडली. वसाहतीच्या समितीनें, जींत आम्हीहि होतों, झाडावरील वेली काढाव्यात असा ठराव केला. कोयता घेऊन माणूस आला. "कोणत्या काढूं ?" म्हणून त्यानें खालून विचारलें. आम्हीं गॅलरींतून सांगितलें, "ती कांटेरी आधीं काढा, आणि ती सुतळ्या लोंबताहेत तीहि. फुलांची राहूं द्या, शोभा आहे." त्यानें सांगितलेलें काम चोख केलें.

वाघाटीचे कांटे जोडीजोडीनें येतात व वाघनखासारखे मागें वळलेले असतात. त्यांच्या आधारेंच ती चढते. तिचीं फुलें पांढरीं उमलून मागाहून लालसर होतात, आणि तिच्या पानांवर पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचे सुरवंट वाढतात. तिला लागलेल्या किडीविषयीं आम्ही तक्रार करीत असूं, ती किडच पुढें आमच्या कुंड्यांवर फुलपाखरें होऊन फिरे, हें आम्हांस मागाहून कळलें. तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. आषाढी एकादशीचा उपास सोडतांना द्वादशीस वाघाट्याची भाजी करण्याचा परिपाठ आमच्या वाचकभगिनींस ठाऊक आहेच. त्या बाई दरवर्षीं त्याच वेलीचीं फळें काढवून घेत, आणि एक वाटी आमच्याकडेहि येई. वेल काढली त्या दिवशीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या द्वादशीस वाटी नेहमीप्रमाणें आली. "विकतची आहे हो," त्या म्हणाल्या, "दादरहून आणविली." आम्हीं ती भाजी खाल्ली, पण घशाखालीं उतरविणें जड गेलें.

दोन पावसाळ्यांत गुलाबी वेलीनें करंजाचा माथा झांकून टाकला. खालून पाहिलें तर आंतल्या फांद्या पानांवांचून वाळत चाललेल्या. वरून पाहिलें तर फुलांचा गालिचा. लोक छायाचित्रें काढीत. तिसऱ्या वर्षीं वाऱ्याच्या एका झपाट्यासरशीं अर्धा करंज कुंपणाच्या भिंतीवर आला. कोणास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. भिंतीचा खर्च समितीनें दिला. वाघाटी देणें कोणाच्या हातांत नव्हतें.

अशी चूक करणारे आम्हीच पहिले नव्हे, हें समाधान फार मोठें नाहीं, तरीहि सांगतों. कुडझू नांवाची जपानी वेल १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत अमेरिकेंतील लोकांनीं पाहिली व शोभेसाठीं घरोघर नेली. पुढें १९३० नंतरच्या दशकांत जमिनीची धूप थांबावी म्हणून तेथील सरकारनेंच शेतकऱ्यांस ती लावण्याबद्दल पैसे दिले. आज दक्षिणेकडील संस्थानांत ती झाडें, तारांचे खांब व ओसाड घरें गिळून बसली आहे. इकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५४ मध्यें बोर व रायझादा या दोघां वनस्पतिशास्त्रज्ञांचा सुंदर भारतीय वेली व झुडुपें यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ उत्तम आहे, पण नांवांत भारतीय असूनहि त्यांत परदेशी वेलींना मानाचीं पानें मिळालीं आहेत. सौंदर्य पाहून वेल निवडण्याचा मोह विद्वानांसहि सुटत नाहीं, तेथें आमची कथा काय !

आमच्या उपनगरांची गोष्ट याहून नाजूक आहे, ती अशासाठीं, कीं येथें परस आणि अरण्य यांच्यामध्यें पुष्कळदां एक भिंतच असते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सुमारें १०४ चौरस किलोमीटरचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलें आहे. विहार व तुळशी हे तलाव आणि कान्हेरीचीं लेणीं त्याच डोंगरांत आहेत. आरेच्या बाजूनें अंधेरी-गोरेगांवचीं घरें त्याला येऊन भिडलीं आहेत. त्यांत मनी प्लँटचा विचार करावा. पॅसिफिक महासागरांतील मोरेआ नांवाच्या लहानशा बेटावरची ही वेल; ती फुलतच नाहीं म्हटलें तरी चालेल, मग बीं कोठून धरणार ? अशी वेल घरापासून दूर एखाद्या ओढ्याकांठच्या झाडावर दिसली, तर तिला तेथें पक्ष्यानें नेलेलें नाहीं, वाऱ्यानेंहि नेलेलें नाहीं. बाटलींतली वेल फार वाढली, छाटली, आणि छाटण कुंपणापलीकडे भिरकावलें. पावसाचें पाणी पुढचें काम करतें. श्रीलंकेंत व हवाईच्या बेटांत ती याच प्रकारें जंगलांत शिरली. भाग्याची वेल म्हणून जी आपण घरांत ठेवितों, तिचें छाटण टाकण्याची रीत शिकणें आम्हांस पूजेइतकेंच अगत्याचें वाटतें.

रीत सोपी आहे. मनी प्लँटचें आणि रेल्वे क्रीपरचें छाटण गोणींत भरून कडक उन्हांत पूर्ण वाळूं द्यावें, पेरीं कुडकुडीत झालीं म्हणजे मगच टाकावें. ओल्या कचऱ्यांत किंवा ओढ्यांत कधींहि टाकूं नये. झाडावर चढलेली मनी प्लँट तळाशीं तोडली एवढ्यानें भागत नाहीं. वरची वेल बुंध्यावरच्या मुळांवर बरेच दिवस तग धरते, ती सोलून उतरवावी लागते. रस खाजतो, म्हणून हातमोजे घालावेत. आईस्क्रीमच्या वेलीचे कंद पहिल्या पावसानें जमीन भिजल्यावर कुदळीनें खणून काढावे, आणि एका वर्षांत काम संपेल अशी आशा ठेवूं नये. आम्हीं दोन पावसाळे खणतों आहों. वेलघाणी लहान असतांनाच मुळासकट येते.

मात्र हें सारें आपल्या कुंपणाच्या आंत. उद्यानाच्या हद्दींत एक पानहि स्वतः तोडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तेथें वनस्पति काढण्यास परवानगी लागते, आणि तो कायदा योग्यच आहे, कारण आमच्यासारखे गॅलरींतून हुकूम सोडणारे लोक कमी नाहींत. ज्यांस सखोल अभ्यास करावयाचा असेल, त्यांनीं थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा, १९०१ ते १९०८ या काळांत निघालेला ग्रंथ चाळावा. सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियममध्यें वाळवून जपलेले वनस्पतींचे नमुने आहेत.

आमच्याकडे नमुना पाठवितांना नुसतें पान पाठवूं नये. वीतभर खोड, त्यावर निदान दोन पेरीं, म्हणजे पानें एकएकटीं येतात कीं जोडीनें तें दिसेल. फूल किंवा फळ असल्यास तें. आणि वेल कशानें चढते, ताण्यानें, कांट्यानें, मुळांनीं कीं नुसती वळसे घेऊन, हें एका ओळींत लिहावें. वर्तमानपत्रांत दाबून, दोन दिवस जड पाटाखालीं ठेवून मग पाठवावें. ओलें पाठविल्यास टपालांत बुरशी धरते आणि आम्हांस बुरशीचेंच निदान करावें लागतें.

घाटकोपरच्या भगिनीचें दुसरें पत्र कालच आलें. सासूबाईंचा ताप टायफॉइडचा निघाला व औषधानें उतरला. भिंतीखालीं खणल्यावर अर्धी बादली कंद निघाले, असें त्या लिहितात. शिवाय इमारतीच्या पुढल्या बाजूस कडुनिंबावर एक वेल आहे, पानें सध्यां थोडीं आहेत, पण फांद्यांपासून सुतळ्या लोंबत आहेत. गुरखा त्या दर आठवड्यास कापून टाकतो, तरी पुन्हां येतात. त्याला तूर्त हात आंवरावयास सांगावें आणि वीतभर खोड पाठवावें, असें आम्हीं कळविलें आहे.